वकील विद्यापीठाचा अध्यक्ष झाला की त्याचं वकीलपत्र कोणाचं? (रेक्स ली)

खटलेबाज

रेक्स ली १ जुलै १९८९ ला अमेरिकेच्या युटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे (पुढे नुसतं बीवाययू) अध्यक्ष झाले आणि ३१ डिसेंबर १९९५ पर्यंत राहिले. विद्यापीठ मॉर्मन चर्चच्या (अमेरिकेत उगम पावलेला ख्रिस्ती पंथ) मालकीचं. ली स्वतः मॉर्मन, ॲरिझोनातल्या सेंट जॉन्स या छोट्या गावात वाढलेले. १९६३ मध्ये शिकागोच्या लॉ स्कूलमधून पहिले आले. मग सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांच्याकडे वर्षभर लॉ क्लर्क (आपल्या अर्थाने कारकून नव्हे. अर्ज चाळणारा, निकालपत्राचे कच्चे मसुदे करणारा तरुण वकील). पुढे फीनिक्सला वकिली. ३६व्या वर्षी बीवाययूच्या तोवर न उघडलेल्या लॉ स्कूलचे पहिले डीन. १९७५ ते ७७ न्याय खात्याच्या दिवाणी विभागाचे प्रमुख आणि १९८१ ते ८५ सॉलिसिटर जनरल (सुप्रीम कोर्टात सरकारची बाजू मांडणारा मुख्य वकील). सुप्रीम कोर्टात एकूण ५९ खटले स्वतः उभं राहून लढवले.

वकिलाला एक गोष्ट पक्की ठाऊक असावी लागते : वकीलपत्र कोणाचं घेतलंय. विद्यापीठाच्या अध्यक्षाकडे ते कोणाचं असतं? विद्यार्थ्यांचं, प्राध्यापकांचं, की विश्वस्तांचं? माझं मत सांगून टाकतो. सॉलिसिटर जनरल म्हणून ली जितके मोठे ठरले तितके विद्यापीठात ठरले नाहीत, आणि त्याचं कारण या प्रश्नात आहे.

शंकासूर

अध्यक्ष म्हणजे आपले कुलगुरू का? की कुलपतींसारखं, दीक्षांत समारंभाला झगा घालून येणारं पद?

निळावंती

शंकासूर, कुलगुरूच, पण हातात जास्त. रोजचा कारभार, नेमणुका, अंदाजपत्रक सगळं अध्यक्षाकडे. वर विश्वस्त मंडळ आणि त्याच्या प्रमुखपदी खुद्द चर्चचे अध्यक्ष. आपले राज्यपाल पदसिद्ध कुलपती असतात, पण विद्यापीठाचा पैसा काही त्यांच्या खिशातून येत नाही. बीवाययूत येतो. चर्चचे सभासद उत्पन्नाचा दहावा हिस्सा देतात आणि त्यातून विद्यापीठाचा मोठा खर्च निघतो, म्हणून तिथली फी इतर खाजगी विद्यापीठांच्या मानाने बरीच कमी. धाग्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. फी भरतो तो अशील.

टोपीवाला

अवांतर : 'मॉर्मन' म्हणू नका. चर्चने २०१८ पासून पूर्ण नाव घ्यायला सांगितलंय, येशू ख्रिस्ताचे अंत्यदिनीय संतांचे चर्च.

भाकरवडी६४

टोपीवाला, दर प्रतिसादात एवढं नाव टाइप करायचं तर धागा संपेस्तोवर अंत्यदिन यायचा.

उलटतपासणी

खटलेबाज, आधी सॉलिसिटर जनरलचं काम नीट मांडू, मग तुलना.

अमेरिकेत सरकार खालच्या कोर्टात हरलं की सुप्रीम कोर्टात जायचं की नाही हे हा माणूस ठरवतो. खात्यांचे सचिव कितीही नाचोत, बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असतं. म्हणूनच त्याने 'हा खटला घ्या' म्हटलं की जज्ज कान देतात. कायद्यात या पदाची अट एवढीच की माणूस 'कायद्यात पारंगत' असावा. त्याच्या लेखी युक्तिवादाला राखाडी पुठ्ठा (अर्जदाराचा निळा, प्रतिवादीचा लाल, प्रत्युत्तराचा पिवळा), अंगात जुन्या थाटाचा लांब काळा कोट. बाजू मांडायला सहसा अर्धा तास. पाच मिनिटं उरली की पांढरा दिवा, संपली की लाल, आणि लाल लागल्यावर वाक्य तोडून खाली बसायचं. त्या अर्ध्या तासातही जज्ज सतत मधे तोडतात. पाठ केलेलं भाषण घेऊन गेलेला वकील पहिल्या दोन प्रश्नांतच उघडा पडतो. तयारी करायची ती आपल्या बाजूच्या सगळ्यात कच्च्या जागेची, कारण प्रश्न तिथेच येणार.

आता वकीलपत्राचा घोळ. जगदीश राय चढ्ढा हा केनियात जन्मलेला भारतीय वंशाचा माणूस. ब्रिटिश पासपोर्टवर १९६६ मध्ये अमेरिकेत शिकायला आला. ३० जून १९७२ ला व्हिसा संपला. इमिग्रेशन खात्याने काढून लावायची कारवाई सुरू केली, पण १९७४ मध्ये त्यांच्याच न्यायाधिकाऱ्याने 'याला घालवणं फार अन्यायाचं होईल' म्हणून ती थांबवली. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे अशी नावं संसदेकडे जात आणि दोन्हीपैकी एका सभागृहाने ठराव केला की सवलत रद्द. डिसेंबर १९७५ मध्ये प्रतिनिधीगृहाने ३४० नावांतून सहा उडवली. ना चर्चा, ना नोंदवलेलं मतदान. त्या सहांत चढ्ढा.

गंमत पुढे. ज्या खात्याविरुद्ध चढ्ढा कोर्टात गेला, ते खातंच म्हणू लागलं की एका सभागृहाचा हा नकाराधिकार घटनाबाह्य आहे! म्हणजे खटल्याच्या मथळ्यावर चढ्ढाविरुद्ध खातं, प्रत्यक्षात दोघे एका बाजूला आणि समोर संसदेची दोन्ही सभागृहं स्वतंत्र वकील घेऊन. खात्यातर्फे ली. फेब्रुवारी १९८२ मध्ये एकदा ऐकून कोर्टाने डिसेंबरात पुन्हा ऐकलं. २३ जून १९८३ ला निकाल, ७ विरुद्ध २.

मुद्दा सोपा होता. कायद्याच्या जोरावर कोणाचे हक्क बदलायचे तर दोन्ही सभागृहं हवीत आणि राष्ट्राध्यक्षांपुढे कागद जायला हवा. यातली एकही पायरी गाळता येत नाही, सोय कितीही होत असली तरी. अशी तरतूद असलेले जवळजवळ २०० कायदे एका दिवसात लंगडे झाले. हा आकडा निकालाच्या विरोधात लिहिणाऱ्या जज्जांनी दिला, आणि ते होते बायरन व्हाइट. लींचे जुने साहेब.

मुक्ताई

वा! गुरूचं मत गमावून खटला जिंकला.

शंकासूर

पण चढ्ढाला अखेर राहू दिलं की नाही?

उलटतपासणी

राहू दिलं. १९८० मध्ये त्याने अमेरिकन नागरिकाशी लग्न केलं होतं. 'आता तो दुसऱ्या वाटेने राहू शकतो, मग वाद कसला?' असंही संसदेच्या वकिलांनी सांगून पाहिलं, कोर्टाने ऐकलं नाही.

दप्तरदिरंगाई

आपल्याकडे कायद्याखाली केलेले नियम संसदेपुढे ३० दिवस ठेवतात आणि दोन्ही सभागृहांनी मिळून सांगितलं तर ते बदलतात किंवा रद्द होतात. राष्ट्रपतींची सही त्यात कुठेच नाही. चढ्ढाच्या कसोटीवर आपली पद्धत धाडकन नापास.

उलटतपासणी

दप्तरदिरंगाई, नापास कशी? आपल्याकडे सरकारच संसदेतून येतं, त्यामुळे भांडणाची रचनाच निराळी. तिथेही काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने) पुढे वाट काढली. १९९६ च्या कायद्याने नियम रद्द करता येतात, पण दोन्ही सभागृहांच्या संयुक्त ठरावाने आणि तो राष्ट्राध्यक्षांकडे पाठवून. म्हणजे निकालाने सांगितलेली प्रत्येक पायरी चढून.

निळावंती

लींच्या कारकिर्दीचं मर्म मला चढ्ढात नाही, ॲक्रन शहराच्या गर्भपातावरच्या निर्बंधांच्या खटल्यात दिसतं. नोव्हेंबर १९८२ चा युक्तिवाद. रेगन सरकारमधल्या अनेकांना वाटत होतं की १९७३ चा रो निकाल (गर्भपात हा घटनात्मक हक्क मानणारा) उलटवा म्हणून सरळ मागणी करावी. लींनी ती केली नाही. कोर्टाला एवढंच सांगितलं की कायदेमंडळांच्या निर्णयांना अधिक मान द्या, आणि निर्बंध 'अवाजवी ओझं' टाकतो का हे आधी तपासा. रो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी भर कोर्टात छेडलं : तुम्ही रो उलटवायला सांगताय का? उत्तर, नाही.

जून १९८३ मध्ये सरकारची बाजू ६ विरुद्ध ३ ने पडली. पण अल्पमतात लिहिताना सँड्रा डे ओकॉनर (याही ॲरिझोनाच्याच) यांनी 'अवाजवी ओझं' हीच फूटपट्टी उचलली. १९९२ मध्ये केसी खटल्यात ती कायदा झाली आणि २०२२ पर्यंत टिकली. हरलेल्या खटल्यातली एक ओळ ३० वर्षं चालली! वकिलाची ताकद काय मागितलं यापेक्षा काय मागायचं टाळलं यात असते ती अशी.

घणाघाती

निळावंती, हे फार गोड लिहिलंत. ज्यांनी त्याला नेमलं त्यांच्या नजरेतून बघा. लोकांनी ज्या मुद्द्यावर निवडून दिलं तो मुद्दाच त्यांचा वकील कोर्टात मांडायला तयार नाही. 'मी सॉलिसिटर जनरल आहे, पत्रकबाजी करायला नेमलेला नाही' अशा अर्थाचं त्याचं वाक्य प्रसिद्ध आहे. बोलायला छान. पण अशिलाला काय हवंय हे वकिलाने ठरवायचं का?

खटलेबाज

घणाघाती, मला वाटतं त्याच्या हिशेबात अशील दोन होते. एक सरकार, दुसरं पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी याच कोर्टात परत येणारं सरकार. आज अव्वाच्या सव्वा मागितलं की उद्या साध्या करखटल्यातही जज्ज संशयाने बघतात. ती पत पुन्हा उभी करायला वर्षं लागतात.

दप्तरदिरंगाई

तळटीप राहिली! बॉब जोन्स विद्यापीठ, साउथ कॅरोलायना. ख्रिस्ती विद्यापीठ, काळ्या-गोऱ्या मुलामुलींनी फिरायचं नाही असा नियम. करखात्याने करसवलत काढून घेतली. खालच्या कोर्टात सरकार जिंकलं, सुप्रीम कोर्टात खटला आला आणि जानेवारी १९८२ मध्ये रेगन सरकारने बाजूच बदलली. लींनी आधी अशाच प्रश्नावर मॉर्मन चर्चची वकिली केलेली, म्हणून ते खटल्यापासून दूर राहिले. सही करायची वेळ त्यांचे उपप्रमुख लॉरेन्स वॉलेस यांच्यावर आली. वॉलेस यांनी सही केली आणि पहिल्याच पानावर तळटीप टाकली की मुख्य मुद्द्याशी मी स्वतः सहमत नाही. सरकारच्याच राखाडी पुठ्ठ्यात सरकारविरुद्ध तळटीप!

आता दोन्ही पक्षकार एका बाजूला झाल्यावर खालच्या निकालाची बाजू मांडणार कोण? कोर्टाने बाहेरून विल्यम कोलमन यांना नेमलं. ते ८ विरुद्ध १ ने जिंकले.

घणाघाती

दूर राहिला हे सोयीचंच पडलं की. त्याच्याच चर्चने जून १९७८ पर्यंत काळ्या पुरुषांना पुरोहितपद नाकारलं होतं.

दप्तरदिरंगाई

चर्चच्या इतिहासाबद्दल पूर्ण सहमत. पण खटल्यातून दूर राहणं ही सोय नव्हे, नियम आहे. एका अशिलासाठी मांडलेला मुद्दा दुसऱ्या अशिलाच्या खटल्यात तसाच आला की बाजूला व्हावंच लागतं. उभा राहिला असता तर पहिला दगड तुम्हीच मारला असता.

भाकरवडी६४

वातावरण तापलंय, चहा मागवा. अरे हो, बीवाययूत चहा चालत नाही.

मुक्ताई

चहाही नाही?? मग मुलं अभ्यास कशावर करतात?

टोपीवाला

चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळं वर्ज्य. विद्यार्थी आचारसंहितेवर सही करूनच येतो. कॅफिनवालं कोल्ड्रिंक आवारात विकायला परवानगी मिळाली ती २०१७ मध्ये. मुलांना दाढीही चालत नाही. वैद्यकीय किंवा तसंच कारण असेल तर रीतसर सवलत घ्यावी लागते. विद्यापीठ ज्यांच्या नावाचं त्या ब्रिगहॅम यंगांच्या तसबिरीत मात्र भरघोस दाढी.

भाकरवडी६४

संस्थापकांना सवलतीचं कार्ड मिळालं असणार.

गोदाकाठ

कोणी विल्किन्सनचं नाव कसं काढलं नाही? वकील-अध्यक्ष म्हटलं की बीवाययूत आधी अर्नेस्ट विल्किन्सन, १९५१ ते १९७१. वॉशिंग्टनमधला बडा वकील. यूट या मूळ अमेरिकन जमातींच्या हिरावलेल्या जमिनींबद्दल १९५० मध्ये अमेरिकन सरकारकडून सुमारे ३.२ कोटी डॉलर मिळवून दिले. विद्यापीठात आला तेव्हा विद्यार्थी पाच हजारांच्या आसपास, गेला तेव्हा २५ हजार. १९६४ मध्ये राजीनामा देऊन सिनेटला उभा राहिला, आपटला, परत येऊन त्याच खुर्चीत बसला.

आणि १९६६ चं हेरप्रकरण. अध्यक्षांनी एक राजकीय भाषण ठोकलं आणि त्यावर उदारमतवादी प्राध्यापक वर्गात काय बोलतात ते टिपायला काही विद्यार्थ्यांना कामाला लावलं गेलं. भांडं फुटलं, बरीच नाचक्की झाली. हा शुद्ध वकिली स्वभाव, पण वाईट अर्थाने : समोरचा प्रत्येक माणूस विरुद्ध पक्षाचा साक्षीदार, त्याच्याविरुद्ध पुरावा गोळा करा. त्या मानाने ली फारच सभ्य.

निळावंती

गोदाकाठ, मधले डॅलिन ओक्सही वकीलच. १९७१ ते १९८०. आधी शिकागोत कायद्याचे प्राध्यापक (ली तिथे शिकत असतानाच रुजू झालेले), नंतर युटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती, १९८४ पासून चर्चच्या बारा प्रेषितांपैकी एक आणि ऑक्टोबर २०२५ पासून चर्चचे अध्यक्ष. लींना डीन केलं ते यांच्याच काळात.

गोदाकाठ

डीनचं ते काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. मार्च १९७१ मध्ये लॉ स्कूलची घोषणा झाली तेव्हा इमारत नाही, ग्रंथालय नाही, प्राध्यापक नाहीत आणि १९७३ च्या उन्हाळ्याअखेर पहिली तुकडी बसवायची. अमेरिकेत वकील संघटनेची मान्यता नसलेल्या लॉ स्कूलच्या पदवीधराला बहुतेक राज्यांत सनदेच्या परीक्षेलाच बसता येत नाही. आणि मान्यता बघायला येणारे पहिल्यांदा मोजतात ती पुस्तकं आणि पूर्णवेळ शिक्षक. म्हणजे आधी माणसं आणि ग्रंथालय, मग विटा. लींनी मिशिगनहून कार्ल हॉकिन्ससारखे मुरलेले प्राध्यापक आणले. चांगल्या जागेवर बसलेल्या माणसाला पाटीही न लागलेल्या कॉलेजात बोलावायचं हे खरं काम. इमारत १९७५ मध्ये तयार झाली, तोवर वर्ग भरले विद्यापीठाच्याच प्रोव्हो गावातल्या सेंट फ्रान्सिस या कॅथलिक शाळेच्या वास्तूत.

मुक्ताई

मॉर्मनांचं लॉ कॉलेज, कॅथलिकांच्या बाकांवर. गोड आहे हे.

दप्तरदिरंगाई

'विद्यापीठात मोठे ठरले नाहीत' याला आक्षेप. एक रुक्ष उदाहरण देतो. बीवाययूत विद्यार्थीसंख्येला कमाल मर्यादा होती, २७ हजारांच्या आसपास. चर्चची सभासदसंख्या वाढत होती, अर्ज वाढत होते, जागा तेवढ्याच. मुलं पदवीला चारऐवजी पाच-सहा वर्षं लावत. मुख्य विषय दोनदा बदल, गरजेपेक्षा जास्त क्रेडिट घे. लींनी बोट ठेवलं ते यावर : एक मुलगा दोन सत्रं जास्त रेंगाळला की बाहेरच्या एकाची दोन सत्रं गेली. म्हणून मुलांनी वेळेत बाहेर पडावं यासाठी त्यांनी सतत धोशा लावला. इथे त्यांचा अशील कोण? प्रवेश न मिळालेला मुलगा. जो विद्यापीठात नाहीच, त्याचं वकीलपत्र.

खटलेबाज

दप्तरदिरंगाई, हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. मान्य.

घणाघाती

मान्य कसलं? मूळ प्रश्नावर या. सप्टेंबर १९९२ मध्ये लींच्या अध्यक्षपदाखाली बीवाययूने शैक्षणिक स्वातंत्र्याचं निवेदन काढलं. त्यात स्वातंत्र्य दोन प्रकारचं : व्यक्तीचं आणि संस्थेचं. प्राध्यापकाला संशोधनाची मोकळीक, पण चर्चच्या मूळ सिद्धांतांना विरोध करणारं, चर्चवर जाणूनबुजून हल्ला करणारं वर्तन झालं तर संस्थेचं स्वातंत्र्य वरचढ. जून १९९३ मध्ये काही प्राध्यापकांना कायम करायचं नाकारलं, त्यांतल्या दोघांवरून आवारात निदर्शनं झाली. बीवाययूत इतरांसारखी 'टेन्युअर' (प्राध्यापकाची कायम नेमणूक) नसते, 'सातत्य' नावाचा दर्जा असतो, आणि तो नाकारला की निघायचं. ली गेल्यानंतर, १९९८ मध्ये, अमेरिकेतल्या प्राध्यापक संघटनेने बीवाययूचा निषेध नोंदवला, पण पाया १९९२ चा. कोर्टात सरकारला 'हे मागू नका' म्हणणारा माणूस विश्वस्तांना तसं म्हणाल्याचं कुठे दिसतं?

उलटतपासणी

घणाघाती, पाया १९९२ चा नाही, १९८७ चा. आणि तो लींनीच घातलेला.

चर्चच्या मालकीच्या सॉल्ट लेक सिटीतल्या एका व्यायामशाळेत १६ वर्षं काम केलेल्या इमारत-अभियंत्याला काढून टाकलं, कारण चर्चच्या मंदिरात प्रवेशाचा दाखला त्याला मिळवता आला नव्हता. काम काय, तर इमारतीची देखभाल. धर्माशी संबंध शून्य. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात धार्मिक संस्थांना धर्माच्या आधारावर नोकर निवडायची सूट आहे. ती अशा ऐहिक कामालाही लागू होते का, हा एमॉस खटल्याचा प्रश्न. चर्चतर्फे युक्तिवाद रेक्स ली. तोवर ते सरकारी पद सोडून सिडली अँड ऑस्टिन या खाजगी वकिली फर्ममध्ये होते. सात मुलांचा संसार सरकारी पगारात चालवणं जड जात होतं. जून १९८७ मध्ये निकाल एकमताने चर्चच्या बाजूने. निकालपत्र लिहिलं बायरन व्हाइट यांनी.

कोर्टाचं तर्कशास्त्र असं : कुठलं काम धार्मिक आणि कुठलं ऐहिक हे जज्ज ठरवायला लागले, तर संस्था सतत जज्जांच्या धाकाने वागेल. तेव्हा ती रेघ ओढायचं काम संस्थेचंच. १९९२ चं निवेदन शेजारी ठेवून वाचा. 'संस्थेचं स्वातंत्र्य' हे त्याच विचाराचं विद्यापीठी रूप आहे. त्याने अशील बदललाच नाही, फक्त कोर्टातून आवारात आला.

निळावंती

उलटतपासणी, एक दुरुस्ती. एमॉसने कायद्याची सूट टिकवली, 'सूट वापराच' असं सांगितलं नाही. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी वेगळ्या मतात ती ना-नफा कामांपुरती जपून धरली. वकील म्हणून ली यांचं काम अधिकार शाबूत ठेवण्याचं होतं. अध्यक्ष म्हणून प्रश्न होता तो किती वेळा वापरायचा हा. ॲक्रनमध्ये हा फरक त्यांना पक्का कळत होता.

खटलेबाज

निळावंती, नेमकं हेच मला पहिल्या पोस्टमध्ये म्हणायचं होतं आणि जमलं नव्हतं. कोर्टात मागणी आवरायला कारण होतं, समोर नऊ जज्ज बसलेले. आवारात लाल दिवा लावणारं कोणी नव्हतं.

दप्तरदिरंगाई

थोडं त्यांच्या बाजूने. १९८७ मध्येच त्यांना लिम्फोमा (एक प्रकारचा कर्करोग) झाला होता. अध्यक्षपदाची साडेसहा वर्षं त्या आजाराच्या सावलीत गेली, त्यातही अधूनमधून सुप्रीम कोर्टात उभे राहत होते. पद सोडल्यावर तीन महिनेही मिळाले नाहीत. ११ मार्च १९९६, वय ६१. व्हाइटसाहेब त्यांच्यानंतर सहा वर्षं जगले.

शंकासूर

सुप्रीम कोर्टात वकिलाच्या टेबलावर पिसाची लेखणी ठेवतात आणि ती घरी नेता येते ना? ५९ खटले म्हणजे ५९ पिसं?

भाकरवडी६४

आणि चढ्ढा दोनदा ऐकला, त्याचं एक जादा. वकील मंडळी, मोजणी बरोबर आहे का सांगा.